शर्यत त्यांची, शाळा आमची

माणूस चंद्रावर उतरला तो क्षण आपण टीव्हीवर पाहिला, असं छातीठोकपणे सांगणारे सत्तरीच्या आसपासचे लोक महाराष्ट्रात जागोजाग भेटतात. या लेखाच्या निमित्ताने मी अनेकांशी बोललो, तेव्हा असे लोक पुण्यात भेटले, नागपुरात भेटले. कऱ्हाडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर सेट कोणत्या कंपनीचा होता तेही सांगितलं. त्यांच्या बोलण्यात थापेबाजी मुळीच नव्हती. पण २१ जुलै १९६९ रोजी महाराष्ट्रात टीव्हीच नव्हता. देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. परदेशातून उपग्रहामार्फत येणारे संदेश झेलणारं जुन्नरजवळच्या आर्वीचं भूकेंद्रही १९७१मध्ये चालू झालं. म्हणजे या मंडळींनी जे पाहिलं ते नंतर कधीतरी, चित्रपटाआधीच्या वृत्तपटात किंवा पुढे दूरदर्शनवर. त्या सकाळी त्यांनी फक्त ऐकलं होतं. चित्र मागाहून मिळालं आणि मनाने ते जुन्या तारखेला नेऊन चिकटवलं.

ही चूक मला फार बोलकी वाटते. अंतराळ शर्यतीत वाढलेल्या अमेरिकन मुलाने रॉकेट डोळ्यांनी पाहिलं. रशियन मुलाने गागारिनसाठी मॉस्कोच्या रस्त्यावर फुलं उधळली. आम्ही मात्र ही शर्यत कानांनी ऐकली, वर्तमानपत्रात वाचली आणि उरलेली मनातल्या मनात जुळवली. धावणारे दोघे, आम्ही प्रेक्षकही नाही. प्रेक्षकांच्या तोंडून ऐकणारे. तरीही त्या शर्यतीने आमच्या पिढीला जे शिकवलं, ते धावणाऱ्या दोघांपैकी कुणाच्याही मनात नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

नये पैसे आणि नवा चंद्र

माझा जन्म १९५७चा, फलटणचा. त्या वर्षी १ एप्रिलला नये पैसे आले आणि ४ ऑक्टोबरला स्पुटनिक. घरातल्या मोठ्यांच्या तोंडी या दोन्ही गोष्टी एकाच दमात येत. आण्यांचे पैसे करताना भाजीवालीशी होणारी हुज्जत आणि डोक्यावरून फिरणारा नवा चंद्र, दोन्ही त्यांच्या लेखी नव्या जमान्याचीच लक्षणं होती.

दादा तेव्हा आठ वर्षांचा. दसरा-कोजागिरीचे दिवस होते. वडील त्याला घेऊन संध्याकाळी माळवदावर जाऊन बसत. "मी स्पुटनिक पाहिला," असं दादा आजही सांगतो. हिशेब मांडला तर त्याने पाहिलं ते बहुधा दुसरंच काही होतं. स्पुटनिक म्हणजे ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा चकचकीत गोळा. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेमच दिसण्याजोगा. जगभर लोकांनी स्पुटनिक म्हणून जो ठिपका पाहिला, तो त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचा मागे उरलेला भाग होता. तोही पृथ्वीभोवती फिरत होता आणि बराच मोठा असल्यामुळे तेजस्वी दिसत होता. मी हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "रॉकेट तर रॉकेट. फिरत होतं ना?"

त्याचं बरोबर आहे. आकाशात माणसाने ठेवलेली वस्तू आहे, ती ९६ मिनिटांत पृथ्वीला फेरा घालते आणि ती पुन्हा येणार, हे आठ वर्षांच्या मुलाला समजलं होतं. तोवर आकाशाचं वेळापत्रक पंचांगात असायचं. आता ते वर्तमानपत्रातही आलं. पुढे १९६०च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने 'इको' नावाचा तीस मीटर व्यासाचा चंदेरी फुगा कक्षेत सोडला. तो मात्र कुणालाही, चष्मा न लावता दिसे. तोवर मीही माळवदावर जाण्याइतका मोठा झालो होतो. माझ्या आठवणीतलं पहिलं आकाश ते. त्यात एक तारा चालत जातो आणि वडील मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात.

लायकाची गोष्ट आमच्या घरात दबक्या आवाजात सांगितली जाई. ३ नोव्हेंबर १९५७ला दुसऱ्या स्पुटनिकमधून ही मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री वर गेली. परत आणायची सोय मुळातच नव्हती. आक्का तेव्हा सहा वर्षांची होती. तिने दोन दिवस दारातल्या कुत्र्याला अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही म्हणे. लायका अनेक दिवस जगली आणि तिला वेदना झाल्या नाहीत, असं सोव्हिएत सूत्रांनी सांगितलं होतं. ती उष्णतेने काही तासांतच मेली, हे २००२ साली जाहीर झालं. आक्काला तेव्हा मी ती बातमी वाचून दाखवली. "मला तेव्हाच वाटलं होतं," एवढंच ती म्हणाली.

गिरणगावातला गागारिन

पुणेकरांना १९६१ म्हटलं की १२ जुलै आठवतो, पानशेत फुटलं तो दिवस. त्याच्या बरोबर तीन महिने आधी, १२ एप्रिलला, आपल्याकडे दुपारचे बारा वाजायला आले असताना युरी गागारिन झेपावला आणि १०८ मिनिटांत पृथ्वीला फेरा घालून परतला. शाळांच्या परीक्षांचे दिवस होते. त्या वर्षी सामान्य ज्ञानाच्या पेपरात हा प्रश्न येणार, असं गुरुजींनी आधीच सांगून ठेवल्याचं अनेकांना आठवतं.

पण गागारिनची खरी गोष्ट ऐकावी ती लालबाग-परळमध्ये. तिथल्या चाळीत वाढलेल्या, आता ठाण्यात राहणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि लाल बावट्याच्या युनियनमध्ये. "आमच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी गागारिनचा फोटो होता. पेपरातला कापून चिकटवलेला. आई म्हणायची, हा कोण? बाबा म्हणायचे, आपल्यातला आहे." वडिलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गागारिन सुताराचा मुलगा. वैमानिक होण्याआधी तो ओतकामाच्या कारखान्यात काम शिकला होता. गिरणी कामगाराला त्याच्या हसऱ्या चेहऱ्यात विमानदलाच्या अधिकाऱ्याआधी कामगार दिसला. त्याच १९६१ साली शाहीर अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. वर्षअखेरीस, गोवामुक्तीच्या काही आठवडे आधी, खुद्द गागारिन भारतात आला, मुंबईतही आला.

बाई पुढे म्हणाल्या, "गागारिन बाबांचा. माझी तेरेश्कोवा." १६ जून १९६३ला अंतराळात गेलेली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यारोस्लाव्हलच्या कापडगिरणीत कामाला होती. तिची आईही गिरणीतच. तीन दिवसांत पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून ती खाली आली आणि त्याच वर्षी भारतात येऊन गेली. लालबागच्या त्या मुलीने आईला विचारलं होतं, "तू का नाही जात?" आईने चुलीवरून तवा न उतरवता उत्तर दिलं होतं, "तू जा." मुलगी अंतराळात गेली नाही, पण चाळीतून कॉलेजात जाणारी ती पहिली मुलगी ठरली. तेरेश्कोवामुळे, असं त्या म्हणत नाहीत. "आईमुळे," म्हणतात. "पण आईला ते बोलायला सुचलं त्या दिवसात."

दोघांचाही कागद

आमच्या वह्यांना कव्हरं असत ती रशियाची. 'सोविएत देश' हे नियतकालिक मराठीत निघे. वर्गणी नाममात्र आणि कागद असा गुळगुळीत, की खाकी कागद आणायची गरजच पडत नसे. भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर, गणिताच्या वहीवर व्होस्तोक यान. जोडीला मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची पुस्तकं. जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची आणि किमतीला इतकी स्वस्त, की वडील विकत घेताना तक्रार करू शकत नसत. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत ती गावोगावी पोचत. ही भाषांतरं अनिल हवालदारांसारखे मराठी लोक मॉस्कोत राहून करत, हे आम्हाला मोठेपणी कळलं. लहानपणी वाटे, रशियात सगळे मराठीच बोलतात.

अमेरिकाही मागे नव्हती. 'स्पॅन' मासिक इंग्रजीत असल्याने ते वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या घरी. पण अमेरिकन माहिती खात्याची गाडी गावात आली, की चौकात पडदा लागे आणि फुकट माहितीपट दाखवला जाई. रॉकेट उडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे, पडद्याच्या उलट्या बाजूला बसून. रेशनच्या दुकानात तेव्हा अमेरिकेतून आलेला गहू आणि तांबडा मिलो मिळे. भाकरी थापताना आजी त्या मिलोच्या नावाने बोटं मोडी. पोटात अमेरिका आणि पाठीवरच्या दप्तरात रशिया, अशी आमची अलिप्तता होती. पंडित नेहरूंना ती परराष्ट्र धोरणात सांभाळावी लागे. आम्हाला ती आपोआप जमली.

वर्गात दोन तट होते, रशियावाले आणि अमेरिकावाले. मधल्या सुट्टीत भिंतीवर कोळशाने गुण मांडले जात. पहिला उपग्रह, पहिला प्राणी, पहिला पुरुष, पहिली स्त्री: सगळं रशिया. १८ मार्च १९६५ला लिओनॉव्ह यानाबाहेर पडून अधांतरी तरंगला, तोही रशियाचा. १९६६च्या फेब्रुवारीत चंद्रावर अलगद उतरलेलं पहिलं यान, 'लुना ९', तेही रशियाचंच. मग अमेरिकेने यानांच्या कक्षेतल्या भेटीगाठी जमवल्या आणि डिसेंबर १९६८मध्ये 'अपोलो ८'ने तीन माणसं चंद्राभोवती फिरवून आणली. आमची भिंत एका वर्षात पालटली. मधल्या १९६७ साली जानेवारीत 'अपोलो १'च्या कुपीत तीन अमेरिकन जळून गेले आणि एप्रिलमध्ये कोमारोव्ह परतताना आदळून मेला. त्या दिवसांत गुण मांडायला कुणी गेलं नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना एवढं कळत होतं.

पण त्या गुळगुळीत कागदावर जे छापलं जात नव्हतं, ते आम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता. सोव्हिएत रॉकेटांचा प्रमुख शिल्पकार सर्गेई कोरोल्योव्ह. त्याचं नाव १९६६मध्ये तो मेल्यावर जगासमोर आलं. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी रशियाने 'एन-१' हे महाकाय रॉकेट बांधलं होतं आणि ३ जुलै १९६९ला ते उड्डाणतळावरच कोसळून फुटलं, हे कळायला १९८०च्या दशकाची अखेर उजाडली. "रशिया चंद्राच्या शर्यतीत कधी नव्हताच," असा वाद आमच्या वर्गातले रशियावाले मोठेपणीही घालत राहिले. दोन्ही बाजूंचा कागद फुकट मिळाल्याने एक शहाणपण मात्र आलं: एकाच्या मासिकात नसलेली गोष्ट दुसऱ्याच्या मासिकात शोधावी. पुढे वर्तमानपत्रात नोकरी करताना मला या सवयीचा जेवढा उपयोग झाला, तेवढा कुठल्या प्रशिक्षणाचा झाला नाही.

आषाढातला सोमवार

२१ जुलै १९६९. त्या वर्षी अधिक आषाढ आल्यामुळे आषाढी लांबली होती. माउलींची पालखी आमच्या फलटणहून पुढे जाऊन काही दिवसच झाले होते आणि एकादशी चार दिवसांवर होती. दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी रात्री, इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. वडिलांच्या मित्रांत वाद चालला होता तो बँकांचा, आमच्यात चंद्राचा आणि आजीचं लक्ष पंढरपूरकडे. वाखरीला रिंगण कधी, एवढंच तिला हवं होतं.

'ईगल' चंद्रावर टेकलं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते. नेमकं सांगायचं तर १ वाजून ४७ मिनिटं. आर्मस्ट्राँगने पाऊल टाकलं ते सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. रेडिओ शेजारच्या घरात होता. मर्फीचा, व्हॉल्व्हचा, गरम व्हायला वेळ लावणारा. पोस्टात दरवर्षी लायसनचे पैसे भरावे लागत, म्हणून गल्लीत रेडिओ मोजकेच. आम्ही मुलं खिडकीबाहेर उभे होतो. व्हॉइस ऑफ अमेरिका लावलेलं होतं आणि त्या खरखरीतून आम्हाला एकही वाक्य समजत नव्हतं. शेजारच्या काकांनी हात वर केला आणि म्हणाले, "उतरला." मग शाळेची घंटा झाली.

त्या दिवशी गणिताच्या सरांनी पुस्तक उघडलं नाही. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आणि रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. तर तिथे बोललेला शब्द इथे यायला किती वेळ? सव्वा सेकंदाच्या वर. मग त्याला उत्तर पाठवून ते पोचायला? अडीच. "म्हणजे चंद्रावरच्या माणसाशी भांडता येत नाही," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सर हसले आणि म्हणाले, "भांडता येतं, फक्त दोघांनाही थांबून ऐकावं लागतं." मैलाचे किलोमीटर करायला आम्ही नुकतेच सरावलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा गणिताला काहीतरी पत्ता मिळाला.

एक गोष्ट मला अलीकडे हिशेब करताना लक्षात आली. यान उतरलं तेव्हा आणि पाऊल पडलं तेव्हाही महाराष्ट्राच्या आकाशात चंद्र नव्हता. आदल्या रात्रीच तो मावळला होता. पण २१ तारखेच्या संध्याकाळी तो पश्चिमेला होता, सप्तमीच्या आसपासचा, अर्धा. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तेव्हा अजून वरच होते. त्याच रात्री ९ वाजून २० मिनिटांनी रशियाचं माणसाविना पाठवलेलं 'लुना १५' चंद्रावर कोसळलं. अमेरिकनांच्या आधी माती घेऊन यायचा तो शेवटचा प्रयत्न. अमेरिकन निघाले ११ वाजून २४ मिनिटांनी, इथला चंद्र मावळतीला टेकण्याच्या सुमारास. म्हणजे त्या शर्यतीचा निकाल लागला तो आमच्या माळवदावरून सरळ दिसणाऱ्या चंद्रावर, जेवणं आटोपल्यावर. पावसाळा होता, पण फलटण पर्जन्यछायेतलं. ढग फाटलेलेच होते.

आजीची संकष्टी

चंद्रावर माणूस गेला म्हणून देव बाटला का, हा प्रश्न तेव्हा अनेक घरांत निघाला. आजीने तो एका वाक्यात मिटवला. "देवळात शिरल्याने देव बाटत नाही." पण तिला दुसराच प्रश्न पडला होता. ती संकष्टी करी. चंद्रोदय झाल्याशिवाय तिचं ताट मांडलं जात नसे. तिने विचारलं, "तिथे राहणाऱ्या माणसाने उपास सोडायचा कसा? त्याला चंद्र कुठे उगवायचा?"

वडील म्हणाले, "त्याने पृथ्वी उगवली की जेवावं." अपोलो ८ने चंद्राच्या कडेवरून वर येणाऱ्या पृथ्वीचा काढलेला फोटो तोवर आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. उत्तर चपखल वाटलं. मी ते दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं आणि सरांनी ते मोडीत काढलं. चंद्र आपल्याकडे कायम एकच बाजू ठेवून फिरतो. त्यामुळे चंद्रावर एका जागी उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी उगवताना वा मावळताना दिसतच नाही. ती आकाशात जवळपास एकाच ठिकाणी असते, फक्त तिच्या कला बदलतात. फोटोत ती उगवताना दिसते, कारण फोटो काढणारं यान फिरत होतं. मी घरी येऊन आजीला हे समजावलं, एक लिंबू आणि एक चिकू घेऊन. तिने नीट ऐकून घेतलं. "मग त्याला रोजच उपास," म्हणाली, "नाहीतर रोजच पारणं."

भौतिकशास्त्राची पुढे मी जी काही पुस्तकं वाचली, त्यांत हा धडा होता. पण मला तो संकष्टीच्या प्रश्नातूनच कळलेला आहे.

त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाने चंद्राचा देखावा केला. चतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, मग मांडवातला चंद्र पाहिला तर चालतो का, यावर आम्ही तावातावाने भांडलो. दिवाळीच्या किल्ल्यावरही सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचं चांद्रयान उतरलं. महाराज सिंहासनावर, मावळे तटावर आणि बालेकिल्ल्याच्या मागे आर्मस्ट्राँग. मोठ्यांपैकी कुणी आक्षेप घेतल्याचं आठवत नाही.

आश्विनातली पौर्णिमा नुकतीच सरली होती, तेव्हा २६ ऑक्टोबरच्या रविवारी आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स खरोखरच मुंबईत आले. जगाच्या दौऱ्यातला तो एक मुक्काम होता. गिरगावातला मामा गर्दीत उभा राहून आला. त्याला दिसली ती उघड्या गाडीतली तीन डोकी. "कसे दिसतात?" आम्ही पत्रातून विचारलं. त्याने पोस्टकार्डावर उत्तर दिलं: दमलेले.

स्पुटनिकची घबराट, आमचे संच

शर्यत आमच्या घरात सर्वांत खोलवर शिरली ती पाठ्यपुस्तकातून, आणि तेव्हा ती कुणाच्या लक्षातही आली नाही. स्पुटनिकने अमेरिका हादरली. आपली मुलं गणित-विज्ञानात मागे आहेत, अशी ओरड झाली. १९५८ साली अमेरिकन सरकारने शिक्षणासाठी मोठा कायदा केला आणि त्याच वर्षी शालेय गणिताची पुनर्रचना करायला तज्ज्ञांचा गट बसवला. पाढ्यांपेक्षा रचना समजावी म्हणून त्यांनी शाळेत संचांचं गणित आणलं. ती लाट जगभर गेली आणि काही वर्षांनी महाराष्ट्रात पोचली. मी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचा. माझ्या धाकट्या बहिणीच्या गणिताच्या पुस्तकात मात्र महिरपी कंस, छेदसंच आणि वेन आकृत्या आल्या. वडिलांना तिचा अभ्यास घेता येईना. "हे कुणी काढलं?" असं ते वैतागून विचारत. खरं उत्तर होतं: १९५७च्या ऑक्टोबरात त्यांनीच माळवदावरून पाहिलेल्या त्या ठिपक्याने.

ही झाली बाहेरून आलेली लाट. इथली स्वतःची तयारीही चालू होती. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४पासून तारांगण होतं, स्पुटनिकच्याही आधीपासून. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची. 'सृष्टिज्ञान' मासिक तर १९२८चं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून मुलांना आधीच चंद्राच्या वाटेला लावलं होतं. १९६६मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. अपोलोने आणलेल्या चांद्रमातीचे नमुने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाकडे तपासायला आले. शर्यत लागली तेव्हा मराठी मुलाच्या हाताशी वाचायला, विचारायला आणि बघायला काहीतरी होतं. म्हणूनच तो नुसता टाळ्या वाजवून थांबला नाही.

त्या मुलांपैकी काही खरोखर आत शिरले. प्रमोद काळे यांचा जन्म पुण्याचा, १९४१चा. स्पुटनिक उडाला तेव्हा ते सोळा वर्षांचे. २१ नोव्हेंबर १९६३ला केरळातल्या थुंबाहून भारताच्या भूमीवरचं पहिलं रॉकेट सुटलं, तेव्हा तिथल्या मोजक्या तरुण अभियंत्यांत ते होते. ते रॉकेट अमेरिकेचं होतं, आतलं सोडियम-वाफेचं उपकरण फ्रान्सचं, पुढे तळावर रशियाचं हेलिकॉप्टरही आलं आणि कचेरी होती मेरी मॅग्डेलिनच्या चर्चमध्ये. थुंबाची जागा हेरणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. १९६७मध्ये वसंत गोवारीकर इंग्लंडहून थुंबाला आले आणि रॉकेटच्या घन इंधनाचं काम त्यांनी हाती घेतलं. आर्मस्ट्राँगच्या पावलानंतर महिना व्हायच्या आत, १५ ऑगस्ट १९६९ला, इस्रोची स्थापना झाली. आमच्या वर्गातली भिंत चुकली होती. तिथे दोनच रकाने होते.

शर्यत संपली ती कशी

डिसेंबर १९७२मध्ये 'अपोलो १७'चे दोघे चंद्रावरून निघाले. त्यानंतर आजवर तिथे कुणी उतरलेलं नाही. त्या डिसेंबरात महाराष्ट्रात कुणाला चंद्र पाहायची उसंत नव्हती. बहात्तरचा दुष्काळ पडला होता. आमच्या भागातली माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती आणि रेशनवर पुन्हा मिलो आला होता. त्या महिन्यातला चंद्र मला आठवत नाही, असं मी विचारलेल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. माझंही तसंच आहे.

शेवटचा अंक १९७५चा, आणि त्यात आपण खरोखर होतो. १९ एप्रिलला आर्यभट्ट हा आपला पहिला उपग्रह रशियाच्या रॉकेटने, रशियाच्या भूमीवरून कक्षेत गेला. १७ जुलैला अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयूझ अंतराळात जोडलं गेलं. दोघांनी हात मिळवले आणि शर्यत संपली. इथे तेव्हा आणीबाणी लागून तीन आठवडे झाले होते. त्या भेटीची चित्रं पृथ्वीवर पोचवायला ज्या 'एटीएस-६' उपग्रहाची मदत झाली, त्याच अमेरिकन उपग्रहावरून १ ऑगस्टपासून भारताच्या सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही दिसू लागला. शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम. त्या 'साइट' प्रयोगाची सूत्रं एकनाथ चिटणिसांकडे होती. रॉकेट एकाचं, उपग्रह दुसऱ्याचा आणि काम आपलं. आमच्या वहीला रशिया आणि ताटात अमेरिका होती, तोच व्यवहार देशाने मोठ्या प्रमाणावर करून दाखवला. वर्षभरात आर्यभट्टाचं चित्र दोन रुपयांच्या नोटेवर आलं. पहिल्या पगारात मिळालेली तशी एक नोट मी खर्चली नाही.

आज मुलांना सगळं दिसतं. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा माझ्या नातीने ते मोबाइलवर थेट पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. दिसण्यात तोटा काहीच नाही. आम्हाला दिसत नव्हतं, म्हणून आम्ही थोर, असंही नाही. फरक आहे तो टाळ्यांनंतरचा. आम्हाला चित्र नसल्यामुळे प्रश्न विचारावेच लागत होते. आजच्या मुलांना ते विचारायला कुणीतरी भाग पाडावं लागेल. ते काम रॉकेट करणार नाही. गणिताच्या सरांनी आणि संकष्टी करणाऱ्या आजीने करायचं आहे.

वाचकांना एक विनंती. स्पुटनिक ज्यांनी आठव्या-दहाव्या वर्षी ऐकला, ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या आठवणी कुठल्याही सरकारी दप्तरात नाहीत, इस्रोकडे नाहीत आणि नासाकडे तर नाहीतच. या दिवाळीत फराळाला सगळे जमाल तेव्हा घरातल्या अशा माणसाला विचारा, की त्या सोमवारी सकाळी तुम्ही कुठे होतात, रेडिओ कुणाचा होता, शाळेत काय झालं. तारखा पडताळा, पण वाद घालू नका. आणि जे सांगतील ते मराठीत, कागदावर, त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा.